जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधलं भुयार

मंडळी, आमच्या गोतावळ्यातल्या तिघाजणांनी गेल्या काही दिवसांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. तुमच्या परभणीच्या घरातल्या कंप्युटरवरचे फोटो आम्हाला पुण्यात, हैदराबादेत बसून दिसतात, मग ते चोराला दिसत नाहीत कशावरून? प्रश्न रास्त आहे. 'या वयात म्हाताऱ्याला ही उठाठेव कशाला' असाही एक सूर त्यात होता, तोही मला ऐकू आला. (कान अजून शाबूत आहेत.) म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला इतिहासाचा मास्तर, इंजिनिअर नव्हे. जाणकारांना हे बाळबोध वाटेल, त्यांनी खुशाल पुढे जावं. बाकीच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण मामला फक्त माझ्या फोटोंचा नाही.

आधी वस्तुस्थिती. आमच्या आतल्या खोलीत एक जुना कंप्युटर चोवीस तास चालू असतो. पुतण्यानं त्यावर लिनक्स टाकून दिलं आहे. त्यात आजोबांच्या काळापासूनचे फोटो आहेत, आईच्या ओव्यांची वही पानापानानं स्कॅन केलेली आहे, शाळेच्या हस्तलिखित अंकांची पानं आहेत आणि वंशावळ आहे. कोणी मागितलं की आतलं काढून पुढे ठेवतो अशा कंप्युटरला सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त, पण काम पंगतीतल्या वाढप्याचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेत फुकट टाकून मोकळं का होत नाही? कारण मी बरीच बिऱ्हाडं मोडलेली पाहिली आहेत. जिओसिटीज २००९ साली गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पिकासा २०१६ मध्ये आवरलं. गूगल फोटोजमधली हवी तेवढी फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली. त्यांचा धंदा आहे, त्यांनी तो कसा करावा हे मी सांगणार नाही. पण भाड्याच्या घराच्या कोनाड्यात कुणी देव बसवत नाही, एवढं मला कळतं. आईची वही माझ्या घरात असावी, आणि ज्या लेकरांना ती बघायची आहे त्यांना कुठूनही बघता यावी, एवढीच माझी मागणी.

आणि इथेच खरी अडचण येते. घरातल्या कंप्युटरवरून बाहेर जाता येतं, पण बाहेरून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. पूर्वी मोठ्या ऑफिसात टेबलाटेबलावर फोन असत आणि बाहेरच्या जगाला मात्र एकच नंबर ठाऊक असे. आतला माणूस शून्य दाबून बाहेर फोन लावी. बाहेरच्याला थेट तुमच्या टेबलावरचा फोन वाजवता येत नसे. इंटरनेटचंही तसंच झालं आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा त्यातला मोकळा साठा १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत आला. तेव्हापासून नेट पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात. तुमच्या राऊटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्हीही अशाच सामायिक पत्त्यावर राहता असं समजा. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत, पण ते सगळीकडे सारखे पोचलेले नाहीत. आणि पत्ता मिळाला तरी राखणीचा प्रश्न उरतोच.

यावर एक सरधोपट उपाय सांगितला जातो. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्या, आणि राऊटरला सांगा की बाहेरून कोणी या दारावर आलं की त्याला सरळ आत सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मी याला भिंत फोडून रस्त्यावर दार काढणं म्हणतो.

रस्त्यावर दार काढलं म्हणजे काय होतं? गल्लीत दार काढलं तर गल्लीतलीच माणसं बघतात. इंटरनेटवर दार काढलं तर अख्ख्या जगातली यंत्रं रात्रंदिवस दारं ठोठावत फिरत असतात. २००९ पासून शोडान नावाचं एक शोधयंत्र आहे. ते लेख किंवा बातम्या शोधत नाही, जगात कुठे कुठलं यंत्र उघड्यावर आहे याची यादी करतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूनं घराघरांतले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे काही अद्भुत विद्या नव्हती. कारखान्यातून येतानाचे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड तो पाठ करून आला होता आणि प्रत्येक दारावर तेच लावून बघत होता. त्या यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या झाल्या.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या सीसीटीव्हीची चित्रं इंटरनेटवर विक्रीला असल्याचं उघडकीला आलं. तपासणीच्या खोलीतल्या बायाबापड्यांची चित्रं! पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. दोष सिद्ध व्हायचा तो न्यायालयात होईल. पण त्या बायकांनी काय चूक केली होती? त्या फक्त तपासून घ्यायला गेल्या होत्या. कॅमेरा कोणी लावला, तो दुरून बघायची सोय कोणी केली, पासवर्ड काय ठेवला, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून मी म्हणतो की दुरून बघण्याची सोय ही ज्याची त्याची खासगी हौस नाही. दार माझं असलं तरी आत दुसऱ्याची अब्रू असते. माझ्या कंप्युटरवरही माझ्या एकट्याचे फोटो नाहीत. भावजया आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत.

तर मग भुयार. इंग्रजीत टनेल म्हणतात ते हेच. यातली मेख एवढीच की दार बाहेरून उघडत नाही, आतला माणूस बाहेर फोन लावतो. ऑफिसातल्या फोनचं उदाहरण पुन्हा घ्या. बाहेरून आत फोन लागत नाही, पण आतल्यानं एकदा फोन लावला की बोलणं दोन्ही बाजूंनी होतं. आमचा परभणीचा कंप्युटर सुरू झाला की पहिलं काम हेच करतो. पुतण्या जर्मनीत असतो. त्यानं तिकडे एक लहानसा सर्व्हर भाड्यानं घेतला आहे, त्याला इकडून फोन लागतो आणि तो चालूच राहतो. पुण्याची पुतणी फोटो मागते ते त्या जर्मनीतल्या सर्व्हरकडे. तो निरोप भुयारातून परभणीला येतो आणि फोटो त्याच वाटेनं परत जातो. म्हणजे परभणीचा फोटो पुण्याला जायला जर्मनीमार्गे जातो! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या घरापुरती तरी अक्षरशः खरी झाली.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही हे परभणीकरांना सांगायला नको. पण लाईट गेली, राऊटर बंद पडला, नेटचा पत्ता बदलला, तरी या पद्धतीत बिघडत नाही. लाईट आली की कंप्युटर आपला आपण पुन्हा फोन लावतो. भिंतीला भोक पडलेलं नाही, त्यामुळे आमच्या पत्त्यावर ठोठावत येणाऱ्याला नुसती भिंत लागते.

या भुयाराच्या भिंती कशाच्या, तर गुप्त लिपीच्या. त्याचीही एक गोष्ट आहे. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून लोकांचे पासवर्ड चोरले. तेव्हा पासवर्ड तारेतून उघडेच जात, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे. तिथल्या तातू यलोनेन नावाच्या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून एसएसएच नावाची पद्धत तयार केली आणि वापरायला मोकळी केली. आजही जगातले सर्व्हर दुरून सांभाळणारे लोक तीच वापरतात. भुयार खणायची सोय तिच्यातही आहे. आम्ही वापरतो ती वायरगार्ड. ही जेसन डोनेनफेल्ड यांची. मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली. तिचा एक गुण मला फार आवडतो. ज्याची ओळख पटत नाही त्याला ती 'चालता हो' असंसुद्धा म्हणत नाही, उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला वाटतं, इथे कोणी राहतच नाही.

ओळख पटवायची ती पासवर्डनं नव्हे, किल्लीनं. प्रत्येक नातेवाइकाच्या फोनमध्ये त्याची स्वतःची किल्ली आहे, ती त्या फोनच्या बाहेर जात नाही. आमच्या बाजूला फक्त तिच्या जोडीचा अर्धा भाग असतो, जो दुसऱ्याच्या हाती लागूनही त्याला आत शिरता येत नाही. शेतकरी मंडळींना हे चटकन कळेल. विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डवाला स्टार्टर बसवतात ना, घरून फोन लावला की मोटार चालू. साधा स्टार्टर ज्याला नंबर ठाऊक आहे त्या कोणाचंही ऐकतो. चांगला स्टार्टर नोंदवलेल्या नंबरांचंच ऐकतो. तेच इथे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की भुयार म्हणजे रामबाण उपाय. मला तसं मुळीच म्हणायचं नाही. खरं सांगायचं ते आता सुरू होतं.

भुयार आतून खणलं जातं, यातच त्याचं बळ आहे आणि यातच धोका. कारण चोराला आता भिंत फोडायची गरज उरली नाही. घरातल्या माणसाकडूनच भुयार खणून घेतलं की झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. ॲप वाईट नाही. दूरच्या माणसाचा कंप्युटर दुरुस्त करायला ते उपयोगी पडतं. पण 'साहेब, केवायसी संपलंय, एवढं एक ॲप घ्या आणि मला नऊ आकडे वाचून दाखवा' असा फोन येतो, आणि आपण स्वतःच्या हातानं आतून वाट काढून देतो. माझ्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्याची पेन्शनीतून साठवलेली रक्कम अशीच एका दुपारी गेली. गृहस्थ गणित शिकवायचे, भोळे मुळीच नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ते नऊ आकडे म्हणजे भुयाराचं तोंड आहे.

दुसरा प्रकार उलट्या बाजूचा. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं इशारा दिला होता की एनग्रॉक या भुयार खणून देणाऱ्या सेवेचा वापर करून बँकांची खोटी पानं लोकांपुढे ठेवली जात आहेत. म्हणजे बनावट पान चोराच्या कंप्युटरवर, आणि भुयारातून ते आपल्या फोनवर. एसएमएस येतो, खातं बंद होणार म्हणतो, खाली दुवा देतो. ज्या सोयीनं मी आईची वही पुतणीला दाखवतो त्याच सोयीनं तो खोटी बँक दाखवतो. सुरी एकच, भाजी चिरते आणि बोटही.

तिसरी गोष्ट मधल्या माणसाची. फुकट भुयार देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. क्लाउडफ्लेअरनं २०२१ पासून ही सोय सर्वांना मोफत दिली, आणि ती चांगली चालते. पण वेबपानांच्या बाबतीत तिथे गुप्त लिपी मध्ये त्यांच्याकडे उलगडते आणि पुन्हा गुंडाळली जाते. टेलस्केलसारख्या सेवेत किल्ल्यांची गाठ मधली कंपनी घालून देते, पण मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत बंदच राहतो. दुकानातला कॅमेरा क्यूआर कोड दाखवून फोनवर बघतो, तेही बहुधा एक भुयारच असतं आणि मध्ये कॅमेऱ्याची कंपनी असते. यांतलं काहीही वापरा, पण मध्ये कोण बसला आहे आणि त्याला काय दिसतं, हा प्रश्न विचारून वापरा. आमच्या बाबतीत मध्ये पुतण्या बसला आहे. तो माझा फोटो वाचू शकतो. त्याला मी लहानपणी पाढे शिकवले आहेत, चालेल.

शाळेची सहल घेऊन मी कितीतरी वेळा देवगिरीवर गेलो आहे. खंदक ओलांडला की वर जायची वाट कातळातल्या अंधारीतूनच. दिवसाढवळ्या तिथे काळोख, वळणं, फसव्या वाटा, पायऱ्या मुद्दाम कमीजास्त. मशाल विझवली की मुलं एकमेकांचे हात घट्ट धरायची. गडाला भुयार होतं म्हणून तो दुबळा नव्हता, कारण ते भुयार कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेलं होतं आणि वरच्या तोंडाशी ते बंद करायची सोय होती. भुयार बेवारस असतं तर तीच वाट शत्रूला राजमार्ग झाली असती.

म्हणून माझं मत असं. घरातलं यंत्र बाहेरून दिसावं असं वाटत असेल तर भिंत फोडू नका, भुयार खणा. खणलं तर ते एकाच खोलीपर्यंत न्या. आमचं भुयार फोटोंच्या कप्प्याशी संपतं. पेन्शनचे कागद, सातबारा, बँकेचं काही त्या यंत्रावर ठेवलेलंच नाही. किल्ली माणसागणिक वेगळी द्या, म्हणजे कोणाचा फोन हरवला तर त्याचीच तेवढी काढून टाकता येते. दुरुस्त्या वेळच्या वेळी चढवा. महिन्यातून एकदा कोण आलं गेलं याची नोंद बघा. मी पहिल्या रविवारी बघतो, पूर्वी हजेरीपट बघायचो तसा. आणि ते भुयार बंद कसं करायचं हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावं. आमच्या हिला ती निळी वायर कुठली ते माहीत आहे. संशय आला की ओढायची, चर्चा नंतर.

ज्याला हे सगळं सांभाळणं जमणार नाही त्यानं करूच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. त्यानं मोठ्या कंपनीची जागा घ्यावी, पासवर्ड चांगला ठेवावा आणि निवांत झोपावं. त्यात कमीपणा काही नाही. शिवाय भुयार म्हणजे दुसरी प्रत नव्हे. परभणीच्या उन्हाळ्यात माझी डिस्क गेली तर भुयारातून येऊन लेकरांना रिकामी खोली दिसेल. म्हणून सगळ्याची एक प्रत पुण्याला पुतणीच्या कपाटात असते.

पण 'म्हाताऱ्यांनी यात पडू नये' हे मात्र मला मान्य नाही. न पडणारेच जास्त फसतात. यंत्राचं सगळं कळायला हवं असं नाही. तीन प्रश्न विचारता आले तरी पुरे. वाट आतून काढली की बाहेरून? मध्ये कोण? आणि बंद कोण करणार? माझ्या सहकाऱ्याला हे तीन प्रश्न कोणी वेळेवर शिकवले असते तर त्यांनी पहिल्याच प्रश्नाला फोन ठेवला असता. कोणावर असा प्रसंग आलाच तर लाजेपोटी गप्प बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. आणि शिक्षक मंडळींनो, तुमच्या वर्गातल्या मुलांना हे शिकवा. ती घरी जाऊन आजी-आजोबांना सांगतील. आपलं त्यांच्यासमोर बरं चालतं.

असो, फार लांबलं. आता नातेवाइकांसाठी एक सूचना. ज्यांना अजून किल्ली मिळालेली नाही त्यांनी कळवावं. मात्र नुसत्या मेसेजवर किंवा आलेल्या फोनवर किल्ली मिळणार नाही, आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी. तुमचा निरोप आला की मी फोन ठेवीन, आणि माझ्या जुन्या डायरीत तुमचा जो नंबर लिहिलेला आहे त्यावर स्वतः फोन लावीन. राग मानू नये. आमच्याकडे फोन आतूनच लागतो.